दिलेल्या घराची राखण

दुबईत आलो तेव्हा पहिली सहा वर्षं आम्ही देऱ्यात एका जुन्या चारमजली इमारतीत भाड्याने राहत होतो. इथे भाडं महिन्याच्या महिन्याला देत नाहीत. वर्षाचे चार चेक, पुढच्या तारखा टाकून, करार करतानाच लिहून द्यायचे. पहिल्या वर्षी मी चेकबुक उघडून बसले आणि नाव लिहिताना थांबले. मालकाच्या जागी माणसाचं नाव नव्हतं, एका संस्थेचं होतं. आमचा वॉचमन केरळचा, बारा वर्षं तिथेच राहिलेला. त्याने मला जिन्याजवळची पितळी पाटी दाखवली आणि तीन अरबी ओळींचा अर्थ मोडक्या हिंदीत सांगितला. इमारत एका बाईंनी बांधली होती. हयात असतानाच त्यांनी ती वक्फ केली. भाडं अनाथ मुलांच्या शिक्षणाला जातं. बाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

त्या पाटीइतकीच आणखी एक गोष्ट मनात राहिली. न्हाणीघरातला नळ फुटला आणि सकाळी फोन केला, तर दुपारच्या आत प्लंबर यायचा. गच्चीवरच्या टाक्या ठरल्या वेळी धुतल्या जायच्या. जिन्यातला दिवा गेला तर दुसऱ्या दिवशी नवा लागलेला असायचा. दानातली इमारत, तिच्याकडे एवढं कोण बघतं, असं मला वाटायचं. पुढे कळलं की वक्फाच्या शास्त्रात हाच पहिला नियम आहे. उत्पन्नातला पहिला पैसा वास्तूच्या दुरुस्तीला, मग लाभार्थ्यांना. दात्याने तसं लिहून ठेवलं नसलं तरीसुद्धा.

त्याच सुमाराला चिपळूण तालुक्यात आमच्या आत्याचं घर पडलं.

ओटी, पडवी, माजघर, मागे विहीर आणि वीस-बावीस गुंठ्यांचं आवार. यजमान गेल्यावर आत्याने ते घर मुलींच्या वसतिगृहासाठी एका संस्थेला बक्षीसपत्राने दिलं. गावात सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो छापून आला. बक्षीसपत्र अडीच पानांचं होतं. चतुःसीमा काटेकोर लिहिल्या होत्या, पूर्वेला पाखाडी, पश्चिमेला शेजाऱ्याचा गडगा. शाकारणीबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. कोकणातलं कौलारू घर पावसाआधी शाकारलं नाही, फुटकी कौलं बदलली नाहीत, तर ते किती पावसाळे काढणार? पहिल्या वर्षी संस्थेकडे पैसे नव्हते, दुसऱ्या वर्षी बघायला माणूस नव्हता. तिसऱ्या पावसात आढं कुजलं आणि माजघर बसलं. वसतिगृहात एकही मुलगी राहायला आली नाही. मी सुट्टीत गेले तेव्हा ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या तुळईला लटकत होत्या. आत्या तेव्हा पुण्याला चुलतभावाकडे होती. घर कसं आहे, असं तिने मला विचारलं. मी तिला खरं सांगू शकले नाही.

त्या दोन वास्तूंमधलं अंतर म्हणजे या पुस्तकाचा विषय. आखातात राहणाऱ्या, किंवा राहून परतलेल्या, ज्या मराठी माणसांना आपलं घर, गाळा, जमीन, फ्लॅट चांगल्या कामाला द्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी पुढची प्रकरणं आहेत. कागद कुठला, सही कुणाची, परवानगी कुणाची, हे तिथे पायरीपायरीने येईल. इथे मला त्याच्या मुळाशी जायचं आहे.

आपल्या भाषेत दान म्हणजे सोडणं. उदक सोडतात. घरावर तुळशीपत्र ठेवतात. दिलं म्हणजे हात झटकून मोकळं व्हायचं, मागे वळून पाहायचं नाही, यातच दानाचं मोठेपण आपण मानतो. अरबीत वक्फ या शब्दाचा धात्वर्थ नेमका उलटा आहे: थांबवणं, अडवून धरणं. मालमत्ता जागच्या जागी थांबवायची, ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही, आणि तिचं फळ तेवढं वाहतं करायचं. खलिफा उमर यांच्या खैबरच्या जमिनीबद्दल पैगंबरांनी हाच सल्ला दिला, असं हदीस सांगतात, आणि वक्फाचं सगळं शास्त्र तिथून उभं राहिलं. ज्याच्या हाती वक्फाचा कारभार तो नाझिर. आपल्या कोर्टातला नाझर तो हाच, आणि मराठी घराघरांतली नजरही त्याच धातूची. मालमत्ता, वारस, हक्क, इनाम हे शब्दही अरबीतूनच आपल्याकडे आले. घरजमिनीचे व्यवहार बोलायला बसलं की मराठी माणूस नकळत अर्धं अरबी बोलतो.

भारतात वक्फ हा शब्द सध्या वादाच्या बातम्यांतूनच कानावर येतो. १९९५चा कायदा, २०२५ची दुरुस्ती, न्यायालयातल्या याचिका. त्या वादात मी इथे शिरत नाही. वाचकाने तो घटकाभर बाजूला ठेवावा एवढी विनंती आहे, कारण मला दाखवायची ती गोष्ट त्या वादाच्या फार आधीची आहे, आणि ती एकट्या अरबांची नाही.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी हे गाव आहे. तिथे मिळालेले ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी वाचून एपिग्राफिया इंडिकात प्रसिद्ध केले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. संजाण मंडलाचा कारभार त्या वेळी एका अरबाकडे होता. इंद्राचे आजोबा दुसरा कृष्ण यांनी त्याची नेमणूक केली होती. ताम्रपटात त्याला ताजिक म्हटलं आहे, अरबांसाठी तेव्हा तोच शब्द होता. त्याचं नाव दिलं आहे मधुमती, आणि हे मोहम्मदचं संस्कृत वळण असं अभ्यासक मानतात. या मधुमतीने नद्यांवर लोकांना फुकट पार नेणाऱ्या नावा ठेवल्या. संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप वाढलं जाई. आणि अन्नैय नावाच्या एका ब्राह्मणाने देवीसाठी मठिका बांधली होती, तिला मधुमतीने राजाच्या संमतीने एक गाव आणि दुसऱ्या एका गावातली जमीन दिली. कशासाठी दिली तेही कोरलेलं आहे: मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि संजाणच्या विद्वानांच्या सभेतल्या नऊ जणांचं भोजन.

एका अरब अधिकाऱ्याने हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर देवीच्या मठाला जमीन दिली, हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. पण त्याहून जास्त मी त्या डागडुजीपाशी रेंगाळले. जुन्या ताम्रपटांत ‘खंडस्फुटितजीर्णोद्धार’ असा एक ठरीव शब्द वारंवार भेटतो. जे तुटेल, फुटेल, जुनं होईल त्याच्या दुरुस्तीसाठी, असा त्याचा अर्थ. आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेतो दान चालावं, असं लिहिणाऱ्या माणसांना पक्कं ठाऊक होतं की चंद्रसूर्य टिकले तरी भिंत टिकत नाही. म्हणून ते देवळाला नुसतं देऊळ देत नसत. देवळाच्या पोटाला शेत देत. आमच्या आत्याच्या अडीच पानी बक्षीसपत्रात नव्हता तो हाच शब्द. देण्याची ही रीत आपलीच होती. मधल्या काळात आपण ती विसरलो, आणि मला ती देऱ्यातल्या जिन्याखाली पुन्हा सापडली.

चिंचणीच्या दानाचा परतीचा प्रवासही झाला, असं मला वाटतं. दुबईत ऊद मेथाचं सेंट मेरी चर्च १९६७ साली उभं राहिलं ते तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर. जबल अलीचा गुरुद्वारा २०१२ साली खुला झाला, त्याचीही जमीन शासकांनीच दिली. अबू धाबीच्या वाटेवर अबू मुरैखा इथे २०१५ साली साडेतेरा एकर जागा हिंदू मंदिरासाठी मिळाली, २०१९ साली तेवढीच आणखी मिळाली, आणि १४ फेब्रुवारी २०२४ला, वसंत पंचमीच्या दिवशी, सत्तावीस एकरांतल्या त्या मंदिराचं उद्घाटन झालं. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी रांगेत तास न् तास काढले. वाळवंटात उभ्या राहिलेल्या गुलाबी दगडाकडे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे मधुमतीचा तांब्याचा पत्रा होता.

अमिरातीत वक्फाचं खातं किती गांभीर्याने चालतं ते थोडक्यात सांगते. दुबईत वक्फ आणि अज्ञान मुलांच्या मालमत्ता सांभाळणारी सरकारी संस्था २००४ साली स्थापन झाली. दानाची कल्पना घेऊन येणाऱ्याला मोफत सल्ला देणारं केंद्र २०१६ साली निघालं. २०१७ साली दुबईने आणि २०१८ साली संघराज्याने वक्फावर नवे कायदे केले. वक्फ तीन प्रकारचे: सार्वजनिक कामासाठीचा, आपल्याच वंशजांच्या निर्वाहासाठीचा आणि दोन्ही मिळून केलेला. अलीकडे रमजानात दर वर्षी एखादी मोठी मोहीम निघते. २०२४ साली आईच्या नावाने शिक्षणासाठी निधी उभारायचं ठरलं. उद्दिष्ट शंभर कोटी दिरहम होतं, जमले एकशे चाळीस कोटींच्या वर. २०२५ साली वडिलांच्या नावाने, गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी तसाच निधी निघाला, त्यात तीनशे सत्तर कोटी दिरहमच्या वर जमा झाले. रक्कम मोठी आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की ती खर्चून टाकायची नाही. ती गुंतवायची, आणि तिच्या उत्पन्नावर शाळा आणि दवाखाने चालवायचे.

आता आपल्या माणसांकडे वळते. १९७०च्या दशकात जे मराठी लोक इथे आले, रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान, मालवणी, पुण्या-मुंबईचे तंत्रज्ञ, त्यांना इथे घर घेण्याची सोयच नव्हती. जन्मभर भाडं भरायचं आणि कमाई गावाकडे पाठवायची. त्या पैशातून खेड, म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, गुहागरकडे घरं उठली. दुमजली, गिलाव्याची, पुढे लोखंडी फाटक. आज त्यातली कितीतरी बंद आहेत. ईदला किंवा गणपतीला आठ दिवस उघडतात, मग परत कुलूप. कोकणी मुसलमानांच्या गावजमातींनी त्यातून एक वाट काढली. आखातात काम करणारे एका गावचे लोक एकत्र येतात, वर्गणी काढतात, गावच्या शाळेला खोल्या बांधून देतात, आणि वास्तू जमातीच्या नावावर राहते. हिंदू घरांत मात्र बहुतेक वेळा घर एकट्याचं आणि निर्णयही एकट्याचा. तो एकटा साठीला येतो, मुलं टोरांटोला किंवा सिडनीला असतात, आणि मग तो फायली काढून बसतो.

दुबईत परदेशी माणसाला मालकीहक्काने घर घेता येऊ लागलं ते २००२नंतर, आणि २००६च्या सातव्या कायद्याने त्याला पक्कं रूप आलं. त्यामुळे पुढच्या पिढीकडे इथलाही फ्लॅट असतो. तो दान करायचा तर आधी कर्ज फेडलेलं हवं, विकासकाचं ना-हरकत पत्र हवं आणि सर्व्हिस चार्ज भरलेला हवा. हा चार्ज विसरू नका. फ्लॅट ज्याला दिला त्याच्या गळ्यात तो दर वर्षी पडणार आहे. आईवडील, मुलं, नवराबायको यांना बक्षीस दिल्यास हस्तांतराची फी किमतीच्या ०.१२५ टक्के आहे, विक्रीवर ती ४ टक्के पडते. उत्पन्नावर वैयक्तिक करच नसल्यामुळे दान दिलं म्हणून करात सूट, हा हिशेब इथे नाही. जो देतो तो द्यायचं म्हणूनच देतो. एक इशारा फार महत्त्वाचा: परवाना असलेल्या संस्थेशिवाय कुणालाही इथे देणगी गोळा करता येत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात डबा फिरवणं, व्हॉट्सॲपवर आवाहन टाकणं हासुद्धा गुन्हा ठरतो. चांगल्या हेतूने केलं, हे तिथे उत्तर होत नाही.

आणि मृत्युपत्र. बिगरमुस्लिमांसाठी दुबईत डीआयएफसी या वित्तीय केंद्राचं मृत्युपत्र नोंदणी केंद्र २०१५पासून आहे. १ फेब्रुवारी २०२३पासून लागू झालेल्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसलं तर निम्मं जोडीदाराला आणि निम्मं मुलांना सारखं. संस्थेला काही द्यायचं मनात असेल तर ते मनात ठेवून भागत नाही.

आपलं असलं तरी सगळं देता येतं का? मला हा प्रश्न सगळ्यात जास्त विचार करायला लावतो, कारण तो कायद्याचा आहे तितकाच घराचाही आहे. मुस्लिम माणसाला मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, वारसांची संमती असेल तरच पुढे जाता येतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने निम्मी संपत्ती सक्तीच्या वारसांसाठी राखलेली आहे, आणि लग्न होताच बहुतेक जोडप्यांची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी होते, त्यामुळे एकट्या नवऱ्याच्या सहीने घर जात नाही. हिंदू माणसाला स्वकष्टार्जित सगळं देता येतं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मात्र हयातीत इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्राने देता येतो. तीन कायदे, तीन मोजमापं, पण तिघांच्याही मनात एकच काळजी दिसते: उदार माणसाने घरच्यांना उघड्यावर टाकू नये. मी पाहिलेल्या कज्ज्यांपैकी बहुतेक तिथूनच उगवले. बापाने देऊन टाकलं आणि मुलांना वर्तमानपत्रातून कळलं. म्हणून माझा आग्रह असतो की कागद करण्याआधी सगळ्यांना एकदा ओटीवर बसवावं. कायदा मागत नसला तरी मुलांच्या सह्या मान्यदार म्हणून घ्याव्यात.

महाराष्ट्रातल्या कागदांत आखातकरांना नेमक्या अडतात अशा तीन-चार गाठी इथेच सांगून ठेवते.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. कोकणातल्या कितीतरी उताऱ्यांवर ‘कुळकायदा कलम ४३च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो. आजोबांना कूळ म्हणून जमीन मिळाली, तिच्या हस्तांतरावर अट आली, आणि ती अट नातवाच्या दानापर्यंत चालत येते. शेरा नसला तरी १९४८च्या त्याच कायद्याचं कलम ६३ आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या कलमात विक्रीच्या जोडीने बक्षीसही आहे, आणि शाळा चालवणारी संस्था शेतकरी नसते. परवानगी न घेता केलेलं दान त्यामुळे महसुली भांडणात अडकतं.

बक्षीसपत्र नोंदवलेलं हवं, दोन साक्षीदार हवेत, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं हवं. संस्थेचा ठराव नसेल तर हा स्वीकार पुढे सिद्ध करणं जड जातं. तुम्ही इथून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून घ्या, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. मुलगा, मुलगी, नातू यांना राहतं घर किंवा शेती द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. ही सवलत घरच्यांपुरती आहे. संस्थेला देताना बाजारमूल्यावरची टक्केवारी कुणी भरायची ते आधी ठरवा. आयकराच्या ज्या ८०-जी कलमाच्या भरवशावर लोक येतात, ते कलम पैशाच्या रूपातल्या देणगीचं आहे. घर दिलं तर त्याखाली वजावट मिळत नाही. हे ऐकून परत गेलेला माणूस मी एकच पाहिला. बाकीचे म्हणाले, असू दे.

दान दिलं तरी मरेपर्यंत त्याच घरात राहता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. राहण्याचा हक्क राखून केलेलं बक्षीसपत्र वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे. आमच्या आत्याला हे कुणी सांगितलं असतं तर ती त्या घरात राहिली असती, आणि शाकारणीही झाली असती.

दिल्यानंतर काय? सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्याकडच्या १९५०च्या कायद्याचं हे ३६वं कलम, दात्याच्या बाजूने उभं असलेलं सगळ्यात भक्कम कलम. पण ते विक्री थांबवतं, पडझड थांबवत नाही. कुलूप लावून ठेवलेलं घर कुठल्याच कलमाखाली येत नाही.

विनोबांच्या भूदानाची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणात पोचमपल्लीला हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी उठून शंभर एकर दिले. गागोद्याचा हा माणूस पुढे देशभर चालला आणि लक्षावधी एकर जमले. त्या चळवळीपुढे मी हात जोडते. पण मिळालेल्या जमिनीतली बरीचशी खडकाळ निघाली, वादातली निघाली, कित्येक एकर कधी वाटलेच गेले नाहीत. देणारे हजारो होते, मागे राहून मोजणी, ताबा आणि नोंदी बघणारे हात कमी पडले. याउलट हिंगणे. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी महर्षी कर्व्यांच्या आश्रमाला सहा एकर जमीन दिली आणि तिच्याबरोबर पहिली झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या झोपडीत काम सुरू झालं. नुसती माळरानावरची जमीन मिळाली असती तर कर्व्यांना ती बघत बसावं लागलं असतं. त्या साडेसातशे रुपयांची आठवण मी प्रत्येक दात्याला करून देते.

हे पुस्तक लिहावं असं ज्यांच्यामुळे वाटलं त्या काकांबद्दल लिहून थांबते. गुहागर तालुक्यातले, शारजात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढलेले. सुपरमार्केटच्या पिशवीत सगळे कागद घेऊन एका शुक्रवारी आमच्याकडे आले. ‘ताई, काकू गेली. मुलगी कॅनडाची झाली. घर गावाच्या वाचनालयाला द्यायचंय. चार दिवसांत होईल ना?’ चार दिवसांचं काम साडेतीन वर्षांनी पुरं झालं. कलम ४३चा शेरा निघाला, दोन चुलतभावांची हक्कसोडपत्रं झाली, प्रांत कचेरीत अकरा खेपा झाल्या. मुलीच्या पासपोर्टचाही विचार करावा लागला. काका भारताचे नागरिक, त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत संस्थेला पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. मुलीने पाठवला तर ठरतो, आणि गावच्या वाचनालयाकडे तो घेण्याची नोंदणी कुठली असणार? म्हणजे दुरुस्तीची सोय काकांच्या हयातीतच व्हायला हवी होती.

मी त्यांना देऱ्यातल्या चेकबुकाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, चिपळूणला बस स्टँडजवळ त्यांचा एक छोटा गाळा आहे, औषधाचं दुकान चालतं, भाडं वेळच्या वेळी येतं. तो मुलीसाठी ठेवला होता. त्यांनी तिथूनच तिला फोन लावला. तिकडे पहाट होती. दोनच मिनिटं बोलले, आणि गाळाही दानात आला.

बक्षीसपत्रातला देखभालीचा परिच्छेद त्यांनी स्वतः सांगितला, मी फक्त लिहून घेतला. गाळ्याच्या भाड्यातून प्रथम घराची शाकारणी, तीही अक्षय्यतृतीयेच्या आत. मग घरपट्टी आणि विजेचं बिल. विहिरीचा रहाट वर्षातून एकदा तेल घालून फिरवावा. पुस्तकांना उरलेलं. चावी दोघांकडे, त्यातली एक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, जे कुणी त्या वेळी असतील त्यांच्याकडे. दुय्यम निबंधकांच्या कचेरीतल्या कारकुनाने रहाटाचं वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, हे ठेवायचंय? काका म्हणाले, ठेवायचंय.

गेल्या मे महिन्यात त्यांनी मला गावाहून आलेले दोन फोटो पुढे पाठवले. पहिल्यात पाखेवर दोघे जण वाकून बसलेले, खाली ओटीवर कौलांची चळत. दुसऱ्यात वहीचं एक पान, निळ्या शाईत: गाळ्याचं भाडं जमा. कौलं तीनशे. मजुरी तीन दिवस. एक वासा बदलला. रहाटाला तेल. शिल्लक पुस्तकांकडे वर्ग.